डाव्या पंखाची खळ

बारामतीत आमच्या बरोबरीची जी थोडी माणसं उरली आहेत, त्यांना विमानाला मुंग्या लागल्याची गोष्ट ठाऊक आहे. लग्नाकार्यात भेट झाली की कुणीतरी ती काढतं. शाळेतल्या दोन पोरांनी एक मोठं विमान बनवलं, इंदापूरच्या प्रदर्शनात नेलं, आणि त्यातल्या बुकबाइंडरच्या पोरानं घरची ताबुताची खळ वापरली म्हणून एका रात्रीत मुंग्यांनी पंख खाल्ला, अशी ती गोष्ट. त्यातला दुसरा पोरगा मी. गोष्टीतलं विमान खरं, प्रदर्शन खरं, मुंग्याही खऱ्या. खळीचं तेवढं खोटं आहे, आणि ते मी जन्मभर चालू दिलं.

विमान आलं ते खोक्यातून. माझे मामा लढाईच्या काळात पुण्याजवळच्या विमानतळावर कोठारात कामाला होते. गोरे अधिकारी देश सोडून निघाले तेव्हा त्यांचं बरंच सामान मागे राहिलं, त्यात हे खोकं मामांच्या हाती लागलं. झाकणावर ढगांच्या वरून चाललेल्या दोन इंजिनांच्या डकोटा विमानाचं चित्र होतं. आत बाल्सा नावाच्या लाकडाच्या पातळ फळ्या, त्यांवर छापलेले फासळ्यांचे आकार, पतंगाच्या कागदासारखा पांढरा कागद, आणि घडी घातलेला एक भला मोठा नकाशा. ते लाकूड इतकं हलकं होतं, की हातात घेतलं तरी काही घेतल्यासारखं वाटत नसे. मामांच्या माळ्यावर ते काही वर्षं पडून होतं. मी मॅट्रिकच्या वर्गात गेलो तेव्हा त्यांनी ते मला दिलं.

आमचं शेत आणि गुऱ्हाळ सांगवीला आणि घर बारामतीत. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. नकाशा पसरून बसलेलं मला पाहून तात्या म्हणाले, "परीक्षेत इमान काढायला सांगणार हायत का?"

"नाही."

"मग ह्ये आवरा."

आवरलं आणि खोकं घेऊन मित्राच्या घरी गेलो.

मित्र माझ्याच बाकावर बसायचा. त्याच्या वडिलांना सगळी आळी चाचा म्हणायची. पुढं त्यांचं वह्या-पुस्तकं बांधायचं दुकान, मागं राहायची जागा. मोहरमच्या आधी महिनाभर दुकानातलं काम बाजूला पडायचं आणि तिथं ताबूत उभा राहायचा. कळकाच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद, कागदावर बेगड, आणि बेगडावर कात्रीनं कापलेली जाळी. आळीतले सगळेच हात लावायला यायचे. आमच्या घरून सुतळी जायची. त्या साली ताबूत पावसाळ्यात झाले होते आणि उरलेल्या कामट्या, रुपेरी बेगडाचे तुकडे सगळं कोपऱ्यात तसंच होतं. आम्ही नकाशा पसरला तेव्हा चाचा कडेनं एक फेरी मारून गेले आणि एवढंच म्हणाले, "अरे, हा तर आडवा ताबूतच झाला."

खोक्यातल्या अर्ध्या फळ्यांना वाळवी लागलेली होती. मामांना ते माहीत नसावं. मला रडायला आलं. मित्रानं शाबूत फळ्या एका बाजूला मांडल्या, पोखरलेल्या दुसऱ्या बाजूला, आणि म्हणाला, "फासळ्या हेच्या करू. लांब दांडे कामटीचे. कामटी तासून तासून गवतागत हलकी करतो, बघ तू." सबंध हिवाळा आम्ही तेच केलं. मी नकाशावरून मापं काढायची आणि ब्लेडनं फासळ्या कापायच्या, त्यानं कामट्या तासायच्या. जोडायला सुताराचा सरस. सरस उकळला की असा वास सुटायचा, की चाची पदर नाकाला लावून म्हणायच्या, "तुमचं इमान उडंल तवा उडंल, आमीच घरातनं उडून जातो आता."

पंख जोडले तेव्हा ते एका भिंतीपासून निघून पुस्तकं दाबायच्या शिकंज्यापर्यंत पोचले. मग शिकंजा हलवावा लागला.

खरी मजा आली ती सांगाडा उभा राहिल्यावर. खोक्यातल्या कागदावर नुसतंच लिहिलं होतं, की अमुक भाग असा दिसतो. तो कशाचा करायचा हे आमचं आम्हीच ठरवायचं. इंजिनांची तोंडं बूटपॉलिशच्या डब्यांची केली. चाकं औषधाच्या बाटल्यांच्या बुचांची, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी. पुढची काच हवी होती, तर आळीतल्या फोटोवाल्याकडून जुन्या निगेटिव्ह आणल्या आणि सोड्याच्या गरम पाण्यात घासून घासून त्यांच्यावरची माणसं काढून टाकली. एका निगेटिव्हवर कुणाचं तरी लग्न होतं. नवरी निघाली, नवरदेव काही केल्या निघेना. मित्र म्हणाला, "ऱ्हाऊ दे त्याला. त्योच चालवंल इमान."

चालवायला त्यानं खडूची दोन माणसं कोरली. एकाच्या डोक्यावर लाल कागदाचा फेटा बांधला.

मी म्हटलं, "वैमानिकाला फेटा कुठं असतो?"

"बारामतीचा असंल तर असंल."

आत काड्यापेट्यांच्या खुर्च्या बसवल्या. प्रत्येक खिडकीला ताबुताच्या जाळीचा नखाएवढा पडदा लावला. एका खुर्चीखाली त्यानं चिंधीची वळकटी आणि मातीचा इवलासा तांब्या ठेवला. माणसं लांबच्या गावाला निघालीत, पाण्याला काहीतरी नको का, असं त्याचं म्हणणं. मामा एकदा बघायला आले, त्यांनी डोळा लावून आत पाहिलं आणि म्हणाले, "आत बसल्यावर असंच वाटतं. फक्त यष्टीपेक्षा जास्त हादरतं."

विमानाचा पत्रा बेगडाचा करायचा हे चाचांनी सुचवलं. आधी कागद, तो वाळला की वर बेगड. पण चित्रात त्या पत्र्यावर पत्रे जोडणाऱ्या रिबिटांच्या बारीक टिंबांच्या ओळी दिसत होत्या, त्या कशा काढायच्या ते सुचेना. सुईनं टोचलं की बेगड फाटायचं. शेवटी मी घरून आईचं करंज्या कातायचं कातण पळवून आणलं. बेगडाखाली जाड फडकं ठेवून कातण हलक्या हातानं फिरवलं की टिंबांची सरळ ओळ उमटायची. आम्ही दोघंही वेड्यासारखे हसत सुटलो. मग तो एक ओळ मारायचा, मी एक मारायचो. विमानभर ओळी झाल्या. दिवाळी होऊन गेलेली होती, त्यामुळे आईला कातण आठवलं नाही.

आता खळ. चाचांच्या घरी खळ व्हायची चिंचोक्यांची. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवून पाट्यावर वाटायचे आणि मंद आचेवर शिजवायचे. उतरवताना त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे कसर लागत नाही, मुंगी लागत नाही. त्यांनी बांधलेली दप्तरं कचेरीत वर्षानुवर्षं शाबूत असायची ती त्या मोरचुदामुळे. खळ लावून कागद ठेवायचा, ओढायचा नाही, आणि वरून तोंडानं पाण्याची बारीक फवार मारायची. कागद वाळताना आपसूक डफासारखा ताणला जातो. मित्राला ते उत्तम जमायचं. त्यानं धड मढवलं, शेपूट मढवलं, उजवा पंख मढवला. मला ते जमत नव्हतं. माझ्या हाताखाली सुरकुत्या पडायच्या.

शाळेतले सर अधूनमधून बघायला यायचे. इंदापूरला आसपासच्या शाळांचं प्रदर्शन भरणार होतं आणि तिथं पुण्याहून तंत्रशिक्षणाचे एक पाहुणे येणार होते. हाताला कसब असलेल्या एका मुलाची ते पुण्याच्या शिक्षणासाठी शिफारस करणार होते, राहण्या-जेवणासकट. सरांनी आम्हा दोघांसमोरच सांगितलं, की ते नाव माझ्या मित्राचं असेल. मला कॉलेजात घालायचं तात्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. मित्राला मॅट्रिकनंतर दुकानाशिवाय काही नव्हतं. त्या दिवसापासून तो चालायचासुद्धा निराळा.

मलाही आनंद झाला होता. पण सर आले की उजव्या पंखावरून हात फिरवायचे आणि त्याच्याकडे बघायचे, हे मला सलायला लागलं. खोकं माझं, नकाशा मी वाचलेला.

प्रदर्शन जवळ आलं आणि मित्राला ताप भरला. डावा पंख उघडाच होता. खळीचं मडकं रिकामं होतं. चाचांकडे मागितली असती तर त्यांनी लगेच करून दिली असती. मी मागितली नाही. तो अंथरुणावरून उठायच्या आत त्याच्यासारखाच, जमलं तर त्याच्याहून सरस पंख मढवून दाखवायचा असं माझ्या मनानं घेतलं. मी पंख घरी आणला आणि चिंचोके शिजवले. खळ पातळ झाली, चिकटेना. घरात गुऱ्हाळावरून आलेली काकवीची घागर होती. आमच्या सांगवीच्या विहिरीचं बांधकाम चाललं होतं तेव्हा गवंडी चुन्यात गुळाचं पाणी ओतायचे, म्हणजे चुना दगडासारखा धरतो, हे मी पाहिलं होतं. चुन्याला गूळ चालतो तर खळीला का नाही, असा विचार केला आणि दोन पळ्या काकवी ओतली. मोरचूद घरात नव्हतं, ते राहिलं.

खळ काय सुंदर झाली. कागद एका सुरकुतीशिवाय बसला. बेगड असं चकाकलं, की उजव्या पंखाला मागं टाकलं. सर बघून म्हणाले, "हा पंख जास्त उजळलाय." ते वाक्य मी किती दिवस मनात घोळवत होतो.

ताप उतरल्यावर मित्रानं पंखावरून बोट फिरवलं. "छान बसलाय रं. मोरचूद घातलंस न्हवं?"

मी म्हटलं, "घातलं."

इंदापूरला आम्ही एस.टी.नं गेलो. पंख काढून चाचींच्या जुन्या लुगड्यांत गुंडाळले होते, धड आम्ही मागच्या बाकावर मांडीवर आडवं घेतलं होतं. कंडक्टर तिकीट फाडायला आला आणि उभाच राहिला.

"ह्ये काय हाय?"

"इमान हाय," मित्र म्हणाला.

"मग उडवत न्यायचं की. यष्टी कशाला थांबवली?"

"पंख काढून ठेवल्यात."

"आमचंबी तसंच हाय," कंडक्टर म्हणाला, आणि त्यानं विमानाचं तिकीट घेतलं नाही. पिंपळीला चढलेल्या एका बाईनं सबंध वाटभर विमानाच्या खिडक्यांतल्या पडद्यांकडे बघत त्याच्या शेपटीखाली हात धरला, खड्डा आला की आमच्या आधी तीच "जपून" म्हणायची.

त्या संध्याकाळी विमान इंदापूरच्या शाळेच्या मोठ्या खोलीत मधल्या टेबलावर उभं राहिलं. पुण्याचे पाहुणे आले, वाकून बघत राहिले, मित्राला एकामागून एक प्रश्न विचारत राहिले. आतला तांब्या बघून ते हसले. जाताना त्यांनी त्याचं पूर्ण नाव विचारून घेतलं आणि सरांना म्हणाले, उद्या लिहून देतो. फाल्गुन लागला होता, धूळ फार होती. गर्दी गेल्यावर खोलीत भरपूर पाणी शिंपडलं गेलं आणि दारं लावली.

सकाळी आम्ही गेलो तर टेबलाभोवती माणसं गोळा झालेली. रात्रभरच्या ओलीनं डाव्या पंखाचं बेगड सुटून लोंबत होतं आणि त्यावर काळे मुंगळे नुसते लिंपले होते. कागद ठिकठिकाणी कुरतडून आतल्या फासळ्या उघड्या पडल्या होत्या. उजवा पंख, धड, शेपूट जसंच्या तसं. कुणीही दोन पंखांकडे आळीपाळीनं पाहिलं असतं तरी समजलं असतं. कुणी पाहिलं नाही.

मित्रानं पंखावरची थोडी खळ नखानं काढली आणि जिभेला लावली.

सरांनी विचारलं, "काय रे, खळ तुझ्या घरचीच ना?"

त्यानं सरांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणी दार उघडायची वाट बघत उभं राहावं तसा तो उभा होता. मी लोंबणाऱ्या बेगडाकडे बघत राहिलो. तात्या काय म्हणाले असते, सर काय म्हणाले असते, पाहुणे हसले असते, असलं काहीतरी डोक्यात फिरत होतं. मग तो सरांकडे वळून म्हणाला, "व्हय सर."

पाहुणे म्हणाले, हात चांगला आहे, पण साहित्याची पारख नाही, यंत्राच्या कामात ते चालत नाही. त्यांनी विचारलं, मापं आणि सांगाडा कुणाचा. सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. शिफारस माझ्या नावाची झाली.

परतीच्या एस.टी.त मी त्याला विचारलं, "तू का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तू सांगशील," तो म्हणाला. "तेवढा वेळ थांबलो मी."

मी पुण्याला गेलो. त्यावरच माझं आयुष्य उभं राहिलं. नोकरी, घर, मुलांची शिक्षणं, सगळं. जायच्या आधी मी त्याच्याकडे गेलो नाही. तो चाचांच्या जागेवर बसला आणि पुस्तकं बांधत राहिला. वाईट एवढ्यावरच थांबलं असतं तर कदाचित मी विसरलोही असतो. पण बारामतीला ती गोष्ट आवडली. वह्या बांधायला टाकताना लोक त्याला म्हणायचे, "खळ नीट लाव बाबा, मुंग्या नकोत." मोरचूद घातल्याशिवाय ज्या घरातून खळ बाहेर पडली नाही, त्या घराला. काही जण थट्टेत म्हणायचे, काहींनी खरोखरच काम दुसरीकडे नेलं. सुट्टीत आलो की मंडईच्या रस्त्यानं जाताना मी त्याचं दुकान टाळायचो. समोरासमोर आलोच तर तो विचारायचा, "कधी आलास? मामा बरं हायत?" त्यानं तो विषय कधी काढला नाही. मीही नाही.

तो गेला तेव्हा मी पुण्यात होतो. मातीला पोचलो नाही, किंवा पोचण्याची घाई केली नाही, असंही म्हणता येईल.

दुकान आता त्याचा मुलगा चालवतो. पुस्तकं कमी, लग्नपत्रिका आणि फायली जास्त. मागल्या वर्षी एका गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, मी तिथं गेलो. मुलगा हातातलं काम ठेवून उठला, खुर्ची दिली. मी त्याला सांगायला सुरुवात केली तर तो म्हणाला, "मला नका सांगू, काका. बाजार हाय आज, लोक येतील. त्यांच्यासमोर सांगा."

मी बसून राहिलो. दुपारपर्यंत तीन-चार गिऱ्हाईकं जमली, एक शाळामास्तर, दोन तरुण पोरं, आणि आमच्याच वर्गातला एक जण, जो त्या मुंग्यांवरून सगळ्यांत जास्त हसायचा. मी सांगितलं. डावा पंख मी मढवला, खळीत काकवी मी घातली, मोरचूद घातलं असं खोटं मी बोललो. तरुण पोरांना विमान कुठलं तेच कळलं नाही. मास्तर खाली बघत राहिले.

आमचा वर्गमित्र काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "म्हंजी आमी सगळा जन्म भलत्याच माणसाला हसलो म्हना की." मग म्हणाला, "आता तुमाला हसावं म्हटलं तर दात ऱ्हायलं न्हाईत."

पोरं हसली. मलाही हसू आलं, छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. मी उठायला लागलो.

मित्राचा मुलगा हसला नव्हता. तो माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. आवाज न चढवता तो म्हणाला, "बसा काका. पुण्याचं पण सांगा."

मी परत बसलो, आणि पुण्याला कुणी जायचं होतं तेही सांगितलं.